जपानी लष्कराची ‘प्रकार ९५’ तलवार: वस्तू अस्सल, माहितीपत्रक निकामी

जपानी लष्कराने १९३५ साली हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी स्वीकारलेली ‘प्रकार ९५’ ही तलवार मी अमेरिकेतील जुन्या शस्त्रांच्या एका दुकानातून विकत घेतली. दुकानाने सोबत दिलेल्या माहितीपत्रकात ‘सामुराई घराण्यातून आलेले, हाताने घडवलेले पाते’ असे तिचे वर्णन केले आहे. तलवार अस्सल आहे आणि तिची अवस्थाही उत्तम आहे. ते वर्णन मात्र साफ चुकीचे आहे आणि हे सिद्ध करण्यासाठी तिच्यावरील तपासणीचे ठसे पुरेसे आहेत.

ही तलवार सरकारी मालमत्ता होती. ती यंत्रावर मोठ्या संख्येने तयार होत असे आणि सैनिकाला बंदुकीप्रमाणेच भांडारातून दिली जात असे. म्हणूनच तिचा अनुक्रमांक थेट पात्यावर, मुठीलगतच्या धातूच्या पट्टीच्या, म्हणजे ‘हाबाकी’च्या, अगदी पुढे ठोकलेला असतो. घराण्याच्या तलवारीवर असा कारखान्याचा आकडा सापडणार नाही. माझ्या तलवारीवर त्या आकड्याशेजारी टोकियो या नावातील पहिल्या चित्राक्षराचा बारीक ठसा आहे. टोकियोच्या शस्त्रनिर्मिती कारखान्याच्या तपासनिसाने पाते पाहून स्वीकारले, एवढाच त्याचा अर्थ. नागोयाच्या कारखान्याच्या देखरेखीखालील पात्यावर त्या जागी नागोयाचे पहिले अक्षर असते. मुठीच्या कड्यावर आणखी काही चिन्हे आहेत आणि त्यांत एकमेकांवर रचलेली चार वर्तुळे सर्वांत लक्षवेधी आहेत. हे चिन्ह मुळात टोकियोचे. १९२३ च्या भूकंपानंतर तेथील बरेच काम कोकुरा येथे हलवले गेले आणि चिन्हही तेथे पोहोचले. त्यामुळे केवळ ही वर्तुळे पाहून ठिकाण ठरवू नये, शेजारचे तपासणीचे अक्षरही वाचावे.

ठसे आणि मुठीची घडण यांचा मेळ बसणे तितकेच आवश्यक आहे. सुरुवातीच्या मुठी तांब्याच्या होत्या, नंतर अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या आणि युद्धाच्या अखेरीस, धातूची टंचाई झाल्यावर, साध्या लाकडी मुठी बसवल्या गेल्या. माझ्या तलवारीची मूठ अ‍ॅल्युमिनियमची असून फीत गुंडाळल्याचा भास व्हावा अशी ओतलेली आणि रंगवलेली आहे. म्यानाच्या तोंडावर पात्यावरचाच अनुक्रमांक आहे. संग्राहकाच्या दृष्टीने हा जुळणारा आकडा फार मोलाचा, पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही! विकण्यासारखी खरी गोष्ट सोडून दुकानाने सामुराईची कथा का निवडली, हे समजणे कठीण आहे.

हा गोंधळ बहुधा अधिकाऱ्यांच्या तलवारींमुळे झाला असावा. अधिकारी आपली तलवार स्वखर्चाने घेत. काहींनी घराण्यातली जुनी पातीही लष्करी मुठीत बसवून घेतली होती. त्या तलवारींचे ठसे पात्याच्या मुठीत दडलेल्या भागावर असतात आणि बांबूची खुंटी काढून मूठ उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत. तेथे शोवा या तत्कालीन जपानी कालखंडाच्या नावाचे पहिले अक्षर किंवा सेकी या शस्त्रांच्या गावाचे अक्षर आढळले, तर ते पाते पारंपरिक पद्धतीचे नाही असे सहसा मानले जाते. ताऱ्याचा ठसा मात्र लष्कराने मान्यता दिलेल्या आणि पारंपरिक पोलादापासून पाते घडवणाऱ्या लोहाराकडे निर्देश करतो. ‘हाताने घडवलेले’ हा दावा तारा असलेल्या पात्याबद्दल टिकला असता. ‘प्रकार ९५’ बद्दल तो टिकूच शकत नाही.

नकली तलवारींचा सुळसुळाट असल्याने मी आकड्यांकडेही बारकाईने पाहिले. नकलांवर आकडे बहुधा ओबडधोबड, वाजवीपेक्षा खोल आणि ओळ सोडून ठोकलेले असतात आणि तपासणीचे छोटे अक्षर तर नुसत्या रेघोट्यांसारखे दिसते. आपल्याकडील फिरंगी तलवारींवरच्या युरोपीय ठशांची नक्कलही स्थानिक लोहार सर्रास करत असत, त्यामुळे ठशावर आंधळा विश्वास न ठेवण्याचे कारण मराठी संग्राहकाला वेगळे सांगायला नको. माझ्या तलवारीवरील आकडे सरळ रेषेत आहेत आणि अक्षराचे कंगोरे स्पष्ट उमटले आहेत.

दुकानाने तलवार चोख बांधून पाठवली होती आणि पात्याला तेलही व्यवस्थित लावलेले होते. किंमत मात्र हातघडणीच्या पात्याची मागितली गेली होती. ठशांची छायाचित्रे आणि त्यांचा अर्थ लिहून पाठवल्यावर ती बरीच कमी करण्यात आली. जपानमध्ये अशा यंत्रनिर्मित पात्याची नोंदणी होत नाही, त्यामुळे पुढे ते तेथील संग्राहकाला विकता येईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तलवारीला मी पाचपैकी चार गुण देतो, दुकानाला दोन. याच दुकानातून खरेदी करायची असेल, तर पैसे भरण्यापूर्वी पात्याचे बूड, मुठीचे कडे आणि म्यानाचे तोंड यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवावीत.