एका नळीचे 4,500 रुपये

रस्त्यात कोणी अनोळखी माणसाने "तुमचा डावा पाय दुखतो ना?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका, पुढे चालू लागा. मी उत्तर दिलं आणि 1,70,500 रुपये घालवले.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते, वय 52. एका पतपेढीत 22 वर्षं हिशेब बघते, त्यामुळे आकडे मला कळत नाहीत असं कोणी म्हणू नये. पण सहा आठवडे कंबरेतून पोटरीपर्यंत अशी कळ जात होती की रात्री कूस बदलता येत नव्हती. अंगठा बधिर. स्टेशनच्या जिन्यात कठडा धरून रडले आहे मी. ज्यांनी हे दुखणं भोगलेलं नाही त्यांनी "शिकलेली बाई कशी फसली" हे मला विचारू नये.

त्या दिवशी नौपाड्यातून एमआरआयचा रिपोर्ट घेऊन निघाले होते. कंबरेच्या एल फोर आणि एल फाइव्ह या मणक्यांमधली गादी सरकलेली. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची होती. लंगडत रिक्षा शोधत होते तर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "ताई, डावा पाय ना? माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं." मला वाटलं, हिला कसं कळलं? अहो, हातात एमआरआयची भली मोठी पिशवी आणि पाय ओढत चाललेली बाई, कळायला काय लागतं! तिने सासूबाईंच्या वैद्याचा म्हणून एक नंबर दिला.

शनिवारी यांना घेऊन खाडीपलीकडे नवी मुंबईतल्या एका गाळ्यात गेले. आधी 500 रुपये तपासणी. मग तो पांढऱ्या कोटातला म्हणाला, नसेत पू साचलाय, नळीने ओढून काढावा लागेल, नळीमागे 4,500. किती नळ्या, हे मी विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. "पाच-सात. निघेल तेवढा." यांना बाहेर बसवलं. मला पालथं झोपवून कंबरेवर ब्लेडने चिरा दिल्या, पितळी नळी लावून तोंडाने ओढायचा आणि वाटीत पिवळं काहीतरी टाकायचा. दुसरा मोठ्याने मोजत होता. दहाव्याला मी "बस" म्हटलं, तर म्हणे अर्धवट सोडलं की पाय लुळा पडेल. अंगावर ताज्या चिरा असताना तुम्ही काय केलं असतं?

मला जाळतं ते वेगळंच. चौदाव्या की पंधराव्या नळीला त्याने वाटी माझ्या तोंडासमोर धरली, "बघा किती घाण." मी बघितली. तिला वास नव्हता. सासऱ्यांच्या मधुमेहाच्या पायाची जखम मी आठ महिने या हातांनी धुतली आहे. पुवाचा वास मला झोपेतही ओळखता येतो. वाटी नाकापासून वीतभर होती, वास नव्हता, आणि मी मान वळवून पुन्हा पडून राहिले. तिथेच उठायला हवं होतं.

38 नळ्या, म्हणजे 1,71,000. वर भस्माच्या पुड्या, 12 ग्रॅम, 1,600 दराने 19,200. एकूण 1,90,200. "ताई, बहिणीसारख्या आहात" म्हणत 20,200 सोडले आणि मला उपकार वाटले! 90,000 यूपीआयने दिले. उरलेल्या 80,000 साठी त्यांचा माणूस यांना बाइकवर बसवून एटीएमला घेऊन गेला. बिल म्हणून हाती चिठोरी.

रात्री परकराच्या पिवळ्या डागाला साबण लावला. लालभडक झाला. हळद! साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे कुठल्याही घरात माहीत असतं.

पुड्यांनी चार दिवस बरं वाटलं, म्हणून तक्रारीला उशीर झाला. मग शुगर 286 वर गेली. डॉक्टरांना पुड्यांत स्टेरॉइड असल्याचा संशय आहे. ते म्हणाले, सरकलेल्या गादीत पू नसतोच. आतला मऊ गर बाहेर येऊन शिरेवर दाबतो, म्हणून पाय दुखतो, आणि बहुतेकांचं हे 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. पाऊल उचलेनासं झालं, लघवीवर ताबा राहिला नाही किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर मात्र एक दिवसही न थांबता मोठं रुग्णालय गाठा. माझ्यासारख्या चिरा कोणी मारून घेतल्या असतील तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, कावीळ बी आणि एचआयव्हीची तपासणी करा.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात सांगितलं, हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे एटीएममधून काढले तिथे जा. तिसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले, "काकू, तुम्ही स्वखुशीने दिलेत, गुन्हा कसला?" गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलं आहे. हे मला घरी बसून शोधावं लागलं, त्यांनी सांगितलं नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. औषधांच्या कार्यालयात म्हणाले पक्कं बिल आणा. अहो, पक्कं बिल देणारा माणूस असता तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? दुखऱ्या पायाने पाच चकरा मारल्या, एकानेही बसायला खुर्ची दिली नाही. तोवर गाळा रिकामा झाला.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे दिवस घालवू नका. वैद्य म्हणवणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा, महाराष्ट्रात तो असावाच लागतो. आणि सोबतच्या माणसाला बाहेर बसवलं की उठून निघा. पोलीस तक्रार घेत नसतील तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांना पाठवा. मी पाठवली आहे. परकर त्या लाल डागासकट, पुढे न धुता पिशवीत ठेवला आहे.

त्या दिवशी गाळ्यातून निघताना बाकावर एक आजी बसल्या होत्या, गुडघ्यांना फडकी बांधलेली. दिव्याहून आल्या होत्या, सोबत नातू होता. "बरं वाटलं का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. कोणाच्या ओळखीत त्या असतील तर मला कळवा.