गावची जि. प. शाळा : २०२४-२५ या वर्षाचं परीक्षण

फी शून्य. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट, आणि शाळा घरापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. कागदावर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला तोड नाही. तरी सकाळी पिवळी गाडी येते आणि निम्मं गाव पोरांना तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला धाडतं. त्यात सगळा दोष पालकांच्या हौसेचा नाही, शाळेचाही आहे. आणि बऱ्याचदा शाळेचं वर्ष खरंच चांगलं गेलेलं असतं, पण ते कुठे दिसतं हे पालकांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे परीक्षण कुठल्या एका शाळेचं नाही. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट चाळीस-पन्नास, ही खेड्यातली नेहमीची बांधणी समोर धरली आहे.

आधी भिंती. बोलक्या भिंती म्हणजे धडे-चित्रं रंगवलेल्या भिंती, मुलांच्या हाताला येतील असे खालचे तळफळे, गेटवरची कमान, पायऱ्यांवर पाढे. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या स्पर्धेमुळे गेल्या दोन वर्षांत रंगाचे डबे भरपूर खपले. या वर्षीचा टप्पा १५० गुणांचा होता : पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे मुलांना येतं काय, याला तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी वजन. स्पर्धा वाया गेली असं नाही. तिच्या निमित्तानं हात धुण्याचे नळ बसले, परसबाग झाली, गावानं वर्गणी काढून कंपाउंड घातलं. पण बक्षिसाचा बोर्ड बघून प्रवेश घेणार असाल तर थांबा, आणि तिसरीतलं एक मूल समोर बसवा.

वाचनाची तपासणी घरी पाच मिनिटांत होते. पाठ्यपुस्तकातला उतारा घ्यायचा नाही, तो मुलांना तोंडपाठ असतो. बोट भलत्याच ओळीवर असतं आणि तोंडातून पुढची ओळ येते, हे कुठल्याही शाळेत पाहायला मिळेल. वर्तमानपत्राच्या बालपुरवणीतला किंवा न पाहिलेल्या गोष्टीच्या पुस्तकातला सत्तर-ऐंशी शब्दांचा उतारा निवडा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि फक्त बरोबर वाचलेले शब्द मोजा. तिसरीपर्यंत वाचन-गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारनं सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे वाचून झाल्यावर उताऱ्यावर एक साधा प्रश्न विचाराच. वेग आहे आणि उत्तर नाही, तर मूल नुसती अक्षरं ओढतंय.

अडतं कुठे, तेही ऐका. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ झालं, ‘सूर्य’पाशी गाडी थांबली, तर जोडाक्षरं आणि रफार राहिलेत; महिनाभराच्या सरावात हे सुटतं. पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यातच गोंधळ असेल, काना-मात्रा गाळली जात असेल, तर काम पहिलीचंच बाकी आहे आणि ते तिसरीच्या वर्गात आपोआप भरून येत नाही. कोरकू, पावरी, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या घरातल्या मुलांना पहिलीत जास्त वेळ लागतो. तिथे वेगापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं आणि आता कुठे आहे, एवढंच बघा.

गणिताला दोन उदाहरणं पुरतात. ५२ मधून ३७ वजा करायला सांगा. उत्तर २५ आलं तर मुलानं सातातून दोन आणि पाचातून तीन काढलेत. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला कळलंय, हातचा कळलेला नाही. दुसरं, ‘तीन हजार पाच’ अंकात लिहायला सांगा. ३०००५ असं आलं तर स्थानिक किंमत पाठांतरावर चाललीय. तिसरीला ९९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात अशी अपेक्षा आहे, म्हणून हे तिसरीच्या मुलाला विचारणं अन्यायाचं नाही. दशकाच्या काड्यांचे गठ्ठे आणि नोटा वापरून शिकवलेल्या वर्गात ही चूक कमी दिसते. गणित पेटी कपाटात कुलूपबंद असलेल्या शाळेत ती हमखास दिसते.

तपासणी मार्चमध्ये करा. जूनमध्ये नको, सुट्टीत मुलं विसरलेली असतात. प्रगतिपुस्तकावर फार विसंबू नका, तिथे सगळेच ‘अ’ आणि ‘ब’ श्रेणीत बसलेले असतात. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि सत्राअखेरीच्या संकलित चाचण्या यांच्या उत्तरपत्रिका मागा. दोन पेपर शेजारी ठेवले की वर्षाची चाल कळते. दाखवायला कां-कूं झाली तर तेही उत्तरच.

आता शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. २०२४-२५ मध्ये हा हिशोब बऱ्याच ठिकाणी कोलमडला. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे प्रशिक्षणं, मतदार याद्या, बीएलओचं म्हणजे मतदान केंद्राच्या यादीची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याचं काम. निवडणुकीच्या कामाला कायद्यातच मुभा आहे, त्याबद्दल शिक्षकाला बोलून उपयोग नाही. पण दोनातला एक गेला की उरलेल्यावर चार वर्ग पडतात, आणि त्यात एकाची बदली झालेली, पद रिकामं, असं असेल तर ते वर्ष गेलंच. शाळेचं खरं आरोग्य एका प्रश्नात कळतं : या वर्षी दोन्ही शिक्षक एकत्र किती दिवस हजर होते? हजेरीपत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावरच असतं.

चार वर्ग आणि दोन शिक्षक हे स्वतःहून वाईट नाही. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. एका इयत्तेला शिकवणं चालू असताना दुसरीला स्वाध्याय कार्ड, गटकाम, जोडीवाचन. हे जमलेल्या शाळेत चौथीची मुलं दुसरीच्या मुलांना शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतः पक्की होतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जि. प. शाळा मुलांनीच एकमेकांना शिकवण्याच्या अशा पद्धतीसाठी ओळखली जाते. २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत तिला लोकांच्या मतांवर दिला जाणारा कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळाला. न जमलेल्या शाळेत फळ्यावर वीस गणितं लिहून ‘उतरवून घ्या’ म्हटलं जातं. वर्गाच्या दारात पंधरा मिनिटं उभे राहा आणि ज्या इयत्तेकडे शिक्षकांची पाठ आहे तिच्याकडे बघा. दुसरं काही बघायची गरज नाही.

जेवणाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथल्याच आणि त्यातल्या निम्म्या गैरसमजातल्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे ४० मुलं हजर असतील तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल. खिचडी पिवळं पाणी दिसत असेल तर पहिली शंका डाळीवर घ्या, भाजीवर नंतर. ग्रामीण भागात तांदूळ आणि धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो, पण भाजीपाला आणि गॅसचा खर्च शाळेनं करायचा आणि अनुदान मागाहून यायचं. ते रखडलं की मुख्याध्यापकांच्या खिशातून बटाटा-कोबी येतो, तोही रोज किती दिवस येणार? स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं मानधन या वर्षी महिन्याला २५०० रुपये होतं. पहाटे रोजंदारीला न जाता चूल सांभाळावी अशी ही रक्कम नाही, हे चव चाखताना ध्यानात असू द्या.

‘तांदळात प्लास्टिक आहे’ ही ओरड अजून होते. ते प्लास्टिक नाही. साध्या शंभर दाण्यांमागे लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेला एक दाणा मिसळलेला असतो. तो रंगाला थोडा वेगळा असतो आणि धुताना वर तरंगतो. बऱ्याच ठिकाणी तो कोंडा समजून पाण्याबरोबर ओतून दिला जातो, आणि ज्यासाठी सगळा खटाटोप तेच गटारात जातं. तांदूळ चोळून चार-पाच पाण्यांनी धुवायचा नाही. एक-दोन पाण्यांत हलक्या हातानं धुवायचा आणि तरंगणारे दाणे पातेल्यात परत टाकायचे.

जून २०२४ पासून पाककृती बदलल्या, मोड आलेली कडधान्यं सक्तीची झाली. कल्पना उत्तम. पण मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधावी लागते, आणि डिसेंबरच्या थंडीत एका रात्रीत मोड फुटत नाहीत. म्हणजे सोमवारची उसळ हवी तर शनिवारी शाळा सुटताना मटकी भिजवायची, ताईंनी ती घरी नेऊन रविवारी फडकं ओलं ठेवायचं. हे कुणी सांगितलं नाही तर सोमवारी भिजलेली मटकी मोडाविनाच शिजते आणि नोंदवहीत ‘मोड आलेली’ म्हणून चढते. अंड्याचं दुखणं वेगळं. आठवड्याला एक अंडं नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. पुढे अंडी हवीत तर लोकसहभागातून आणा. ज्या गावात दूध डेअरी किंवा यात्रा कमिटी जोरात आहे तिथे ती मिळतील, बाकीच्यांचा विषय संपला. या सेवेतली या वर्षाची सगळ्यात मोठी पीछेहाट हीच.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं आणि कुणा पालकानं चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं. ही चव नोंदवही चाळा. वर्षभर एकाच पेनानं ‘चव चांगली’ आणि एकच सही दिसली तर ती एका बैठकीत भरलेली आहे.

गणवेशात या वर्षी गोंधळ झाला. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली, मापं चुकली, कित्येक शाळांत पहिला जोड १५ ऑगस्टलाही अंगावर नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली, ते बरं झालं. पुस्तकं वेळेवर आली. त्यातली वह्यांची कोरी पानं मात्र पुढच्या वर्षापासून बंद.

पैसा थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार, १०० पटापर्यंत २५ हजार. यात खडू, दुरुस्ती, वीज बिल, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. लोकवर्गणीतून आलेला मोठा टीव्ही वर्गात टांगलेला असतो आणि बिल थकल्यानं मीटर कापलेला असतो, हे दृश्य नवं नाही. शाळेला काही भेट द्यायचीच असेल तर दुसरा टीव्ही नको; छतावर छोटं सौर पॅनेल द्या, इन्व्हर्टर-बॅटरीसकट, आणि बॅटरी कोण बदलणार ते आधीच ठरवा.

फलकावरच्या यशाबद्दल एक सूचना. शिष्यवृत्ती परीक्षा या वर्षी पाचवीला होती, त्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळेकडे तिचा निकालच नसतो. तो नाही म्हणून शाळेला कमी लेखू नका. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला, म्हणजे पुढे हा मुद्दा बदलेल. जिथे निकाल आहे तिथे किती पास हे विचारण्याआधी किती बसले ते विचारा. वर्गातले निवडक तिघे बसवून शंभर टक्के निकाल लावणं सोपं आहे. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचंही तेच : एका विद्यालयात ८० जागा आणि अर्ज अख्ख्या जिल्ह्यातून. एखादं मूल लागलं तर आनंद करावा, पण त्यावरून बाकीच्या एकोणचाळिसांचं काही कळत नाही.

मग घ्यावी का ही शाळा? दोन्ही शिक्षक टिकलेले, तिसरीतली बहुतेक मुलं अनोळखी उतारा वाचणारी, आणि व्यवस्थापन समिती महिन्याला खरोखर बसणारी असेल, तर डोळे झाकून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिचं इतिवृत्त मागितलं की ती कागदावरची आहे की जिवंत आहे ते कळतं. अशा शाळेत पहिली चार वर्षं मराठीतून पक्की झालेलं मूल पुढे इंग्रजीतही अडत नाही. मात्र एकशिक्षकी झालेली, दुसरं पद भरण्याची चिन्हं नसलेली शाळा असेल, तर नुसत्या जवळपणासाठी मूल तिथे ठेवू नका. आधी पंचायत समितीत पदासाठी पाठपुरावा करा.

प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याला मुलाला न्या. तिथल्या सात टेबलांवर त्याला काय येतं ते नोंदलं जातं आणि आईला घरी करायच्या कृतींचं साहित्य मिळतं. जन्मदाखला हाती नसेल तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन. ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून मध्येच परतलेल्या मुलालाही वर्षात कधीही प्रवेश मिळतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही.