वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) प्लास्टिकच्या दाण्याचं दुकान

डब्यांची झाकणं काढणारी दोन मशिनं आहेत माझी. आधीच्या व्यापाऱ्याने नव्या दाण्यात रिप्रोसेस (जुनं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा) मिसळून दिला. झाकणं बिजागरीशी तडकली, अख्खा लॉट परत आला. फार जिव्हारी लागलं. इथले काका पॉलिप्रॉपिलीनची 25 किलोची गोणी माझ्यासमोर उघडतात, एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) विचारला की लॉटचा कागदच पुढे करतात. (230 अंशांवर, 2.16 किलो वजनाखाली 10 मिनिटांत किती ग्रॅम वितळलेला माल वाहतो, तो हा आकडा. पातळ झाकणाला तोच बघायचा.) या प्लास्टिकचं मूळ बरंचसं क्रूडमध्ये (कच्च्या तेलात), त्यामुळे क्रूड चढलं की दाणाही चढतो, भाव बदलणार असला तर काका आदल्या दिवशी फोन करतात. उधारी नाही, हमाल एकच. तरी गोणी इथूनच घेतो.