कंप्रेसर की हाताने व्हॉल्यूम?

दोघांची मुलाखत. एक माइकला चिकटून बोलतोय, दुसरा मागे रेलून, आणि मधूनच खणखणीत हसू. रेकॉर्डिंगमधले हे लहानमोठे आवाज सारखे करायला दोन वाटा आहेत.

पहिली कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन. त्यावर थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती) −१८ डीबी (डेसिबल; ० ही कमाल पातळी) आणि रेशो (किती पटीने दाबायचं) ३:१ ठेवला, तर −६ वरचं हसू थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर असतं. त्यातले ४ उरतात, म्हणजे ते −१४ वर येतं. काम मिनिटभराचं. गोम पुढेच आहे. दबलेला आवाज भरून काढायला ८ डीबी मेकअप गेन दिला (सगळाच आवाज तेवढा वर उचलला) की −६० वर निमूट फिरणारा पंखाही −५२ वर येतो. त्यात रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) ५० मिलिसेकंद असेल, तर प्रत्येक शब्दामागे पंखा धापा टाकल्यासारखा वर येतो. १५०-२०० करून बघा. अटॅक (दाब लागू व्हायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद केला की ‘ट’, ‘ठ’, ‘क’ बोथट होतात. १० च्या आसपास बरा.

हाताने करायचं तर मागे बसलेल्याची वाक्यं ५-६ डीबी वर, हसू तेवढंच खाली. काप दिला तिथे १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) हवाच, नाहीतर ‘टक्’ ऐकू येतं. बोलण्याचा बाज शाबूत राहतो, पण वेळ बक्कळ जातो.

आमचा कौल: मोठे फरक हाताने मिटवा, मग २:१ चा हलका कंप्रेसर, दाब जास्तीत जास्त ३-४ डीबी. घाई असेल तर नुसता कंप्रेसर चालेल, पण नॉइज रिडक्शन (पंख्यासारखा मागचा आवाज काढणं) त्याच्या आधी. नंतर केलं तर पंख्याची पातळी सतत हलत असते आणि तो काढण्यासाठी घेतलेला त्याच्या आवाजाचा नमुना जुळत नाही.