तालुक्याच्या स्त्रीरोग दवाखान्याबद्दल

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागच्या या दवाखान्यात मी धाकट्या जावेला पाळीच्या दुखण्यासाठी घेऊन जाते. येथील औषधे इतरत्रही मिळतात. डॉक्टरबाईंसारखे समजावून सांगणे मात्र मला दुसरीकडे आढळले नाही.

कापूस वेचणीहून थेट आलेली एक बाई त्यांना म्हणाली, "मले वाटे, आंगातली घाण निघते." डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या कोऱ्या पाठीवर गर्भाशय काढून दाखवले. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरते, आणि त्याने तोवर दाबून ठेवलेली गर्भाशयाच्या अस्तरातील काही जनुके काम करू लागतात. त्यांतील काहींमुळे अस्तराची वीण कुरतडणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात, तर कॉक्स-२ या विकराच्या जनुकाने जोर धरला की प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वाढून रक्तवाहिन्या व गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि कळा येतात. मला नवल वाटले ते पुढच्या भागाचे: वरचा थर गळत असतानाच तळच्या थरात दुरुस्तीची जनुके कामाला लागलेली असतात आणि दर महिन्याची ही जखम व्रण न ठेवता भरून येते.

हे कळल्यावर गोळीची वेळही उमगते. मेफेनामिक आम्ल हे वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखते, म्हणून दिवसभर सोसून रात्री गोळी घेण्यापेक्षा पहिली कळ येताच, जेवणानंतर ती घ्यावी. जठरातील व्रण (अल्सर), दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारावे. जावेला यानेच आराम पडला.

उणिवाही आहेत. तपासणीच्या टेबलाचा पडदा अर्धाच सरकतो आणि बाकावरच्या बायकांना आतले सारे ऐकू येते. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या, गडचिरोलीतील दोन गावांच्या बंग दांपत्याच्या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. संकोचाने दार न ओलांडणाऱ्या बायकांच्या मुलखात पडद्याची हयगय मला क्षुल्लक वाटत नाही. सोनोग्राफी फक्त बाजाराच्या दिवशी होते आणि हिमोग्लोबिनचा अहवाल दुसऱ्या दिवशी मिळतो, त्यामुळे अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईने सकाळच्या पहिल्या एसटीनेच निघावे.