केअर सर्टिफिकेट ते लेव्हल 3 डिप्लोमा : लेस्टरमधला माझा तीन वर्षांचा अनुभव

पाय जमिनीवरून सुटले आणि पोटात गोळाच आला. हॉइस्ट म्हणजे रुग्णाला उचलायचं यंत्र; त्याला अडकवलेल्या कापडी झोळीत, स्लिंगमध्ये, मी बसले होते. मांड्यांखालचं कापड घट्ट आवळलेलं, मान जराशी मागे गेलेली, आणि सगळं अंग हळूहळू एका बाजूला फिरत होतं. खाली माझ्या दोघी सहकारी रविवारी कुठे जायचं याच्या गप्पा मारत होत्या. ट्रेनर बाईंनीच त्यांना तसं करायला सांगितलं होतं, मला मात्र त्याची कल्पना नव्हती. जेमतेम अर्धा मिनिट गेलं असेल, पण तेवढ्यात मला गोदामात उचललेल्या पोत्यासारखं वाटलं. मग बाईंनी तेच पुन्हा करायला लावलं. या खेपेला एकीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत बघून म्हणाली, "आता वर घेतेय हं, थोडं हलेल." यंत्र तेच, उंची तीच, पण भीती वाटली नाही.

इंग्लंडात केअरच्या कामाचं, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांच्या रोजच्या सेवेचं, प्रशिक्षण कसं असतं, असं गावाकडून कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते. आणि विचारणारे बरेच आहेत. मी मूळची नंदुरबारची. एएनएमचा नर्सिंग कोर्स करून नाशिकला एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं काढली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर इथे, इंग्लंडातल्या लेस्टर शहरात, आले. दोन कंपन्यांत काम केलं, केअर सर्टिफिकेट दोनदा केलं, लेव्हल 3 डिप्लोमा गेल्या वर्षी पूर्ण केला आणि आता सीनियर केअरर आहे. या सगळ्या प्रशिक्षणाला पाचपैकी किती तारे द्यायचे, तर कागदावर जे आहे त्याला साडेचार आणि पहिल्या कंपनीने मला जे दिलं त्याला एक. मधलं अंतर कशाने पडलं ते सांगते.

आधी हे सर्टिफिकेट काय आहे ते. दवाखान्यात आणि घरोघरी काम करणाऱ्या साहाय्यकांना सगळीकडे सारखं प्रशिक्षण मिळत नाही, हे इथल्या सरकारने मागवलेल्या 2013 च्या कॅव्हेंडिश अहवालात ठळकपणे आलं आणि एप्रिल 2015 पासून केअर सर्टिफिकेट सुरू झालं. त्यात 15 मानकं होती : आपली भूमिका, खाजगीपण आणि सन्मान, खाणंपिणं, संसर्ग टाळणं, छळ ओळखणं, बेसिक लाइफ सपोर्ट, माहितीची गुप्तता वगैरे. 2025 मध्ये लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता) आणि ऑटिझमचं सोळावं वेगळं मानक त्यात आलं. नव्या माणसाने साधारण पहिल्या 12 आठवड्यांत हे पूर्ण करावं अशी अपेक्षा असते. यातली मुख्य अट बऱ्याच जणांना माहीतच नसते : नुसती ऑनलाइन धडे-परीक्षा देऊन हे सर्टिफिकेट पूर्ण होत नाही. तुम्ही खरं काम करत असताना जाणत्या माणसाने ते बघायचं असतं आणि बघून सही करायची असते.

माझ्या पहिल्या कंपनीत ही अट कुणी पाळली नाही. मी उतरले त्याच आठवड्यात लॉगिन आलं आणि "सोमवारपर्यंत सगळं संपव" असा निरोप आला. मुलीला झोपवून मी दोन रात्रींत 15 धडे संपवले. उत्तर चुकलं की पुन्हा तोच प्रश्न येतो, त्यामुळे सगळ्यांत शंभर टक्के. सर्टिफिकेट छापून फाइलला लागलं. माझं काम बघायला कुणीही आलं नाही. एक दिवस एका बाईंबरोबर शॅडो शिफ्ट, म्हणजे जाणत्या माणसासोबत राहून काम बघायची पाळी, केली, तीही गाडीतून त्यांच्या मागे मागे धावण्यात गेली. चौथ्या दिवशी एका डबल-अपच्या घरी मी एकटी होते. डबल-अप म्हणजे जिथे रुग्णाला उचलायला दोन माणसं लागतातच. दुसरी आलीच नाही. ऑफिसला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅनेज कर." मी हॉइस्टला हात लावला नाही. आजोबांना पलंगावरच कुशीवर वळवून स्वच्छ केलं, घडलेलं सगळं नोंदवहीत लिहिलं आणि रडत पुढच्या घरी गेले.

त्याच कंपनीच्या आणखी एका घरी काकांना गिळायला त्रास होता, त्यांच्या चहात घट्ट करायची पावडर घालायची असे. किती घालायची हे मला ऑनलाइन धड्यात एका वाक्यात कळलं होतं. पहिल्या दिवशी चहा पातळ राहिला, काकांना ठसका लागला आणि डोळे पांढरे झाले. दहा सेकंदांत सावरले, पण तो आवाज माझ्या कानांतून गेलेला नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी ट्रेनरने 10 मिलीची सिरिंज घेऊन दाखवलं : तोंड बोटाने बंद करून सिरिंज भरायची, बोट काढायचं, दहा सेकंद वाहू द्यायचं आणि मग किती उरलं ते बघायचं. चार ते आठ मिली उरलं तर घट्टपणाची लेव्हल 2, एक ते चार उरलं तर लेव्हल 1, आठहून जास्त उरलं तर लेव्हल 3 कडे सरकलं. पाच मिनिटांचं काम. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी दाखवलं असतं तर त्या काकांना ठसका लागला नसता.

14 महिन्यांनी मी ती कंपनी सोडली. सोडणं सोपं नव्हतं. व्हिसा मालकाला बांधलेला असतो, नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी जबाबदारी घेणारा मालक, शोधावा लागतो आणि नव्याने अर्ज करावा लागतो. शिवाय करारात प्रशिक्षणाचा खर्च परत करायचं कलम होतं. दोन रात्रींच्या त्या प्रशिक्षणाचं बिल माझ्या हातात आलं तेव्हा मी सही केलेला करार पहिल्यांदा नीट वाचला. जे नव्याने सही करणार आहात त्यांना हात जोडून सांगते, ते कलम आधी वाचा : किती रक्कम, किती महिन्यांपर्यंत, आणि कशाबद्दल.

दुसरी जागा म्हणजे विस्मरण झालेल्या वृद्धांचं एक होम. इथे मला केअर सर्टिफिकेट पहिल्यापासून करावं लागलं. ते मान्यताप्राप्त पदवी-पदविकेत मोडत नाही, म्हणून नवी कंपनी जुनं सर्टिफिकेट मानेलच असं नाही. हजारो बाया तेच तेच पुन्हा करतात. यासाठी जून 2024 मध्ये लेव्हल 2 ॲडल्ट सोशल केअर सर्टिफिकेट ही खरी मान्यताप्राप्त पात्रता सुरू झाली, ती बरोबर नेता येते. आता सुरुवात करणाऱ्यांनी तीच मागावी असं माझं मत आहे. पण या होममधलं दुसरं केअर सर्टिफिकेट मला वाया गेलं असं म्हणवत नाही, कारण इथे मी खरं शिकले.

ट्रेनर बाई सहा दिवस माझ्याबरोबर शिफ्टला होत्या. पहिल्याच सकाळी एका आजोबांच्या शर्टाची बटणं मी भराभर लावून टाकली. आपल्याकडे रुग्णसेवेचा अर्थच तो, "तुम्ही बसा हो, मी करते." सासऱ्यांचं मी असंच केलं होतं. बाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, "ते किती बटणं लावू शकतात?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. वरची दोन जमली नाहीत, पण खालची चार त्यांनी स्वतः लावली. सात मिनिटं लागली. शेवटचं बटण लागल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. त्यांच्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे सेवेच्या आराखड्यात, त्या दिवसापासून लिहिलं आहे : खालची चार स्वतः.

आणि बा. 1972 साली युगांडातून घालवून दिल्यावर लेस्टरला आलेल्या गुजराती मंडळींपैकी आमच्या होममधल्या या आजी एक. आयुष्यभर इंग्रजी उत्तम बोलल्या, पण आजारात ती भाषा गळून पडली. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास दारापाशी जाऊन उभ्या राहत आणि कुणाला न कळणारं काहीतरी बोलत. नोंदीत लिहिलेलं असे : अस्वस्थ, सहकार्य नाही. नंदुरबार गुजरातच्या सीमेवर, आमच्या गल्लीत निम्मी गुजराती घरं. मी ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "मारे घेर जवुं छे." मी विचारलं, घरी जाऊन काय करणार बा? तर म्हणाल्या, कणीक मळायची आहे. दुसऱ्या दिवशी किचनमधून पीठ आणि पाणी आणलं, परात मिळाली नाही म्हणून मोठा वाडगा घेतला. बा अर्धा तास मळत बसल्या. ट्रेनर बाईंनी मलाच ते केअर प्लॅनमध्ये लिहायला लावलं आणि सहाव्या मानकाखाली, म्हणजे संवादाखाली, सही केली. इथे आल्यापासून मला जे येतं त्याची दखल त्या दिवशी पहिल्यांदा घेतली गेली.

लेव्हल 3 डिप्लोमा इन ॲडल्ट केअरबद्दल आता. तो 58 क्रेडिटचा आहे, मला 13 महिने लागले. परीक्षा नसते, पोर्टफोलिओ असतो : असेसर, म्हणजे काम तपासणारे परीक्षक, कामावर येऊन निरीक्षण करतात, तुम्ही घडलेल्या प्रसंगांवर लिहिता, चर्चा रेकॉर्ड होते. इंग्रजीत लिहायला मला फार वेळ लागायचा. माझ्या असेसरने सुचवलं की आधी बोल, रेकॉर्ड कर, मग लिही. त्याने गाडी मार्गी लागली. ज्यांना इंग्रजी लिहिण्याची धास्ती आहे त्यांनी पहिल्याच भेटीत लिहिण्याऐवजी बोलून दिलेला पुरावा चालेल का हे विचारावं.

सगळ्यांत अवघड गेलं ते मेंटल कपॅसिटी ॲक्ट 2005. वाचायला सोपा, अंगवळणी पडायला कठीण. मधुमेह असलेल्या एका काकांचा मुलगा शनिवारी समोसे घेऊन यायचा. माझा हात आपोआप प्लेट उचलायला पुढे गेला, पथ्य म्हणजे पथ्य. या कायद्याचं एक तत्त्व असं आहे की ज्याला निर्णयाची समज आहे त्याचा निर्णय शहाणपणाचा नसला तरी तो त्याचाच. असेसरने विचारलं, "त्यांना परिणाम माहीत होते का? तुम्ही सांगितले होते का? मग प्लेट कुणाची?" मी त्यावर चार पानं लिहिली. आजही मला त्या समोशाची काळजी वाटते. मी साखर तपासते, नर्सला कळवते, पण प्लेट उचलत नाही.

आता पैशाचं आणि बढतीचं बोलते, कारण इथे माझी तक्रार मोठी आहे. डिप्लोमा करून सीनियर झाल्यावर माझा पगार तासाला 70 पेन्सने वाढला. त्याबदल्यात औषधांची ट्रॉली, शिफ्टची जबाबदारी, नव्या मुलींचं काम बघून सही करणं, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स बोलवायचा निर्णय, हे सगळं माझ्याकडे आलं. जानेवारी 2024 मध्ये सरकारने केअर वर्कफोर्स पाथवे हा केअरच्या कामातल्या पायऱ्यांचा आराखडा आणला, त्यात कोणत्या पायरीवर काय यायला हवं हे छान मांडलं आहे. पायरीसोबत पगार किती वाढायला हवा हे मात्र मालकावर सोडलं आहे. जिना बांधला, पण वर चढणाऱ्याच्या पदरात काय पडणार ते ठरवलं नाही. माझ्याबरोबरच्या दोघी लेव्हल 3 अर्धा सोडून सुपरमार्केटच्या गोदामात गेल्या. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

पुढे वाटा दोन आहेत. मॅनेजर व्हायचं तर लेव्हल 5 डिप्लोमा, 90 क्रेडिट. नर्सिंगकडे जायचं तर नर्सिंग असोसिएट, म्हणजे केअरर आणि नर्स यांच्या मधलं पद, त्यासाठी दोन वर्षांचा फाउंडेशन डिग्रीचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर नाव नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नोंदवहीत लागतं. माझं मन दुसऱ्या वाटेकडे ओढतं. खर्चासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा : सप्टेंबर 2024 पासून लर्निंग अँड डेव्हलपमेंट सपोर्ट स्कीम आहे, तीत पात्र मालकाला अशा अनेक कोर्सचे पैसे परत मिळू शकतात. अर्ज मालकानेच करायचा असतो. माझ्या मॅनेजरला मी तो कागद छापून नेऊन दिला, तेव्हा काम झालं.

गावाकडच्यांसाठी अगदी स्पष्ट : 22 जुलै 2025 पासून भारतातून नव्याने केअर वर्कर म्हणून यायचा रस्ता बंद झालेला आहे. धुळ्यात, जळगावात कुणी एजंट अजून त्या व्हिसाचे लाख-दोन लाख मागत असेल तर एक रुपया देऊ नका. जे आधीच इथे आहेत त्यांनी मुलाखतीत तीनच प्रश्न विचारा : शॅडो शिफ्ट किती, काम बघून सही कोण करणार, आणि सोडलं तर परत किती मागणार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

गेल्या महिन्यात मी मूव्हिंग अँड हँडलिंग, म्हणजे रुग्णाला नीट उचलणं-हलवणं, शिकवायचा कोर्स केला. येत्या गुरुवारी आमच्या होममध्ये चार नव्या मुली येतायत, दोन केरळच्या, एक झिम्बाब्वेची, एक इथलीच. हॉइस्ट मीच दाखवणार आहे आणि चौघींनाही स्लिंगमध्ये बसवणार आहे. त्यांना मेसेज केलाय की पँट घालून या, स्लिंगचे पट्टे मांड्यांमधून येतात.