कडबाकुट्टी घ्या, पण पार बारीक कापायच्या नादी लागू नका

दिवाळीच्या आधी नाशिकला मार्केट यार्डात टोमॅटो खाली केले अन् येताना दिंडोरी रोडच्या एका दुकानातून 2 एचपीची कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं मशीन, गाडीत टाकून आणली, मोटर धरून 25 हजाराच्या आत पडली. घरच्या सिंगल फेजवर चालते हे बरंय, शेतीच्या लाईटचा काय भरवसा नाही.

आमच्या 6 एचएफ (होल्स्टिन जातीच्या) गायी. आधी मका अख्खीच टाकायचो, तर ह्या बाया पाला पाला ओरबाडणार अन् ताटं पायाखाली तुडवणार, रोज सकाळी पाटीभर बुडखे उकिरड्यावर. मशीन आल्यापासून गव्हाण चाटूनपुसून साफ. म्हणून 4 स्टार.

पाचवा कुठं गेला ते ऐका. दुकानदार म्हणे जेवढं बारीक तेवढं पचायला हलकं, अन् पार पाव इंचावर लावून दिली. मलाही पटलं. पहिले आठ दिवस दूध जरा वाढलं पण, मग डेअरीच्या पावतीवर फॅट 3.7 वरून घसरत घसरत 3.1! आमच्याकडे 3.5 च्या खाली गेलं की दर कापतात. मला वाटलं डेअरीचंच मशीन बिघडलंय, दोन दिवस तिथं भांडलो. शेवटी डॉक्टर आणले, त्यांनी गायीला हात लावायच्या आधी गव्हाणीतली मूठभर कुट्टी उचलली, म्हणाले "दादा, हा चारा नाही, भुसा झालाय." दुपारी बसलेल्या गायी मोजल्या तर रवंथ करत होती एकच. शेणही पातळ. गाय चावते तेव्हा लाळ सुटते, त्या लाळेत सोडा असतो, त्यानं पोटातलं आम्ल आटोक्यात राहतं. बारीक कुट्टी न चावताच खाली जाते, वरून दोन टाइम भरडा (भरडलेलं धान्य) अन् सरकी पेंड, मग आम्ल वाढणार नि फॅट पडणारच ना.

मशीनचा गियर बदलून कापाची लांबी पाऊण ते एक इंच करून घेतली, ओल्या मक्यात थोडा ज्वारीचा सुका कडबा मिसळायला लागलो. वीसेक दिवसांत फॅट 3.6 वर आलं. याहून लांब पण ठेवू नका, परत निवडून खायला लागतात, मी दीड इंच करून बघितलंय. अन् पात्याला धार लावत राहा, बोथट पातं कापत नाही, नुसतं चेंगरतं.

दुकानदाराला हे सगळं सांगितलं तर म्हणे बाकी कोणाची तक्रार नाही. वॉरंटीत असून गियर बदलायचे 300 घेतले ते वेगळेच.